दोरीचा ट्रॅक्टर

आमचे शेजारी वैरागडेकाका ट्रॅक्टरचे नट मिसळणाच्या डब्यात ठेवत. मोहरीच्या वाटीत वॉशर, हळदीच्या वाटीत स्क्रू, आणि परातीत रॉकेल ओतून त्यात कार्बोरेटर भिजत घातलेला. त्यांच्याकडे चहा घेताना मी आधी तळाशी काही वाजतंय का ते बघत असे.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. काका नागपूरचे, कारखान्यात फोरमन. मी इंदूरचा, त्याच कारखान्याच्या हिंदी विभागात, म्हणजे दिवसभर ‘उपर्युक्त विषय के संदर्भ में’ लिहिणारा. घरी माझा एक जुना टाइपरायटर होता. कॉलनीतले सगळे अर्ज मीच टाइप करून देत असे, आणि त्याचा मला थोडा गर्व होता.

ट्रॅक्टर उद्यान विभागाने भंगारात काढलेला. गवत कापायचा, गाढवाएवढ्या उंचीचा. चार माणसांनी हातगाडीवरून आणला तेव्हा त्याला तीनच चाकं होती. मी म्हटलं, “काका, हा तर संपलाय.”

“संपला नाही, भाऊ. रुसून राहिला.”

कुठलंही यंत्र काकांच्या मते बिघडत नसे, रुसत असे. हा दीड वर्ष रुसलेला होता. दर रविवारी सकाळी सात वाजता काका इंजिनाला दोरी गुंडाळून ताक घुसळल्यासारखी ओढत. इंजिन खोकायचं. काका म्हणायचे, “हं, बोलून राहिला.” खिडकीतून काकूंचा आवाज यायचा, “किती झाले?”

“सतरा.”

“मग अठरावा ओढा ना.”

काकू नेहमी त्या खिडकीतच बसलेल्या असत. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डाव्या हाताने त्या मिसळणाच्या डब्यातले वॉशर निवडून वेगळे करत. नवऱ्याच्या वेडाने बायकोलाही घेरलं, एवढाच अर्थ मी लावला होता.

एका रविवारी आमचे साहेब पहिल्यांदाच आमच्याकडे नाश्त्याला आले. माझ्या बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर होती. साहेबांनी पोह्यांचा पहिला घास घेतला आणि पलीकडे दीड वर्षांत पहिल्यांदाच तो ट्रॅक्टर खरोखर चालू झाला. खिडक्यांची तावदानं थरथरली. काळा धूर आमच्या बैठकीत आला आणि साहेबांच्या पांढऱ्या बुशशर्टावर बसला. भिंतीपलीकडे काका-काकू लहान मुलांसारखे ओरडत होते.

बढती मिळाली नाही. धुरामुळे की माझ्यामुळे, देव जाणे. पण त्याच आठवड्यात मी एस्टेट ऑफिसला तक्रार टाइप केली. खाली सही नाही, फक्त ‘एक पीड़ित निवासी’. पत्र इतकं उत्तम उतरलं होतं की पाकिटात घालण्याआधी मी ते दोनदा वाचलं. आज ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

महिन्याभराने काका माझ्याकडे आले. हातात नोटीस. पंधरा दिवसांत ट्रॅक्टर हलवा, नाहीतर जप्त करू. सोबत तक्रारीची प्रत जोडलेली.

“साठेभाऊ, तुमच्यासारखी हिंदी कोणाची नाही. उत्तर टाइप करून द्या.”

मी माझंच पत्र पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. वर म्हटलं, “कोणी लिहिलं असेल हे?” हो, हेही मी विचारलं.

“असतील कोणी. त्यांना त्रास तर होऊनच राहिला होता ना.”

मी कागद चढवला. “ट्रॅक्टर ठेवण्याचं कारण काय लिहू?”

“लिहा, छंद.”

“छंदाला परवानगी देत नाहीत, काका.”

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागले. “दोन वर्षं झाली, ही गेटच्या बाहेर गेली नाही. चाकाची खुर्ची आणली, बसत नाही. म्हणते, लोक कीव करतात. मी म्हटलं, ट्रॅक्टरवर बसवतो, मग हसतील. हसलेलं चालते म्हणाली.”

मी टाइप करू लागलो. बोटं कुठे पडत होती मला कळत नव्हतं. चार ओळी झाल्यावर काकांनी माझा हात धरला.

“थांबा. तुमचा ‘र’ वर उडून राहिला.”

मी पाहिलं. प्रत्येक ‘र’ ओळीच्या किंचित वर बसला होता. शेजारीच तक्रारीची प्रत पडली होती. तिच्यातलाही प्रत्येक ‘र’ तसाच, तेवढाच वर.

काकांनी खिशातून छोटा पेचकस काढला, मशीन पुढे ओढलं, ‘र’ची दांडी हलकेच वाकवली आणि ओळभर ‘र’ मारून पाहिले. “बसला. हा नवीन कागद घ्या, पहिल्यापासून टाइप करा. ऑफिसात दोन्ही पत्रं एकाच फायलीत लागतील ना,” ते म्हणाले आणि शर्टाच्या टोकाने तेल पुसत बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

परवानगी मिळाली, सकाळी दहानंतरच चालवायच्या अटीवर. पुढच्या रविवारी काकू ट्रॅक्टरवर बसल्या. मागे बैठकीतली हातांची खुर्ची नटांनी पक्की आवळलेली, कमरेला काकांचा पट्टा. कॉलनी हसत होती आणि काकू सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होत्या.

आज सांगून टाकायचं, असं ठरवून मी फाटकाशी गेलो. “काका, ती तक्रार...” इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. काकांनी कानाशी हात नेला, मान हलवली, आणि इंजिन बंद केलं. दीड वर्ष रुसलेलं ते इंजिन त्यांनी माझं बोलणं ऐकायला बंद केलं.

“बोला, भाऊ.”

काकूही माझ्याकडे बघत होत्या.

“काही नाही,” मी म्हटलं. “काकूंना ऊन लागेल. टोपी देऊ का?”

“द्या ना,” काका म्हणाले.

मी टोपी आणून दिली. काकांनी दोरी गुंडाळली आणि ओढायला सुरुवात केली. काकू मोजू लागल्या. एकवीस वेळा ओढावी लागली. तेवढा सगळा वेळ मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि तेवढ्या वेळातही मला बोलता आलं नाही.