व्यंकटरावांनी जीपचा शाफ्ट काढला

"दोन क्रॉस बदलायला मेकॅनिक कशाला हवा?" असं व्यंकटराव चौथाईवाले शनिवारी दुपारी जेवताना म्हणाले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं कालवे मोजले, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपण मोजून, उघडून, दुरुस्त करू शकतो असा त्यांचा पक्का समज. खात्यानं लिलावात काढलेली जुनी जीप त्यांनीच हौसेनं घेतली होती. महिनाभरापासून ती क्लच सोडला की पोटातून 'टण्' करायची, आणि चाळिसाच्या पुढं गेली की अशी थरथरायची की शेजारी बसलेल्या बायकोचं, दमयंतीबाईंचं, बोलणं हीव भरल्यासारखं ऐकू यायचं.

गल्लीच्या खालच्या टोकाला गयास राहायचा. क्रांती चौकाजवळ त्याचं गॅरेज. त्यानं जीपखाली एकदाच वाकून पाहिलं.

"काका, हा लांब दांडा बघा. शाफ्ट. इंजिनाची ताकद हाच मागच्या चाकांना देतो. याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, हे सांधे, खल्लास झालेत. सोमवारी गॅरेजवर आणा, दोन तासांचं काम."

पण सोमवारी सकाळी तर अक्कांना पैठणला सोडायचं होतं. मनकर्णाबाई, म्हणजे अक्का, ही व्यंकटरावांची थोरली बहीण. वय शहात्तर, ऐकू थोडं कमी, मत मात्र भरपूर. पंधरा दिवस राहायला आल्या होत्या. तेव्हा व्यंकटरावांनी नवे क्रॉस आणले, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता जुना पायजमा चढवून ते फाटकाबाहेर उतारावर उभ्या असलेल्या जीपपाशी गेले.

"अहो, उतार आहे," दमयंतीबाई म्हणाल्या. "हँडब्रेक तर नुसता शोभेला. पळाली म्हणजे?"

"पहिल्या गिअरमध्ये टाकलीय. हत्तीनं ढकलली तरी हलायची नाही. शिवाय चाकांपुढं विटा आहेतच."

एवढ्यात अक्का मेथीची जुडी घेऊन बाहेर आल्या. घरात गारठा, आणि जीपच्या मागच्या बाकड्यावर मस्त ऊन पडलेलं. "व्यंकट, मी हितं बसून भाजी निवडते," त्या म्हणाल्या. पण मागची पायरी लई उंच. गुडघा काही वर चढेना.

व्यंकटरावांनी चाकांपुढच्या दोन्ही विटा ओढून काढल्या आणि पायरीखाली एकावर एक रचल्या. जीप तसूभरही हलली नाही. त्यांनी दमयंतीबाईंकडं वळून पाहिलं. "बघ. हलली का? याला म्हणतात गिअर."

अक्का वर चढल्या. व्यंकटराव मागच्या बाजूनं जीपखाली शिरले. डोकं आत, पाय बाहेर.

पहिले तीन बोल्ट मुकाट्यानं निघाले. चौथा जाम झाला होता. त्यांनी पान्यावर हातोडी घातली.

"हळू रे," वरून अक्का म्हणाल्या, "मेथी उडायलीय सगळी."

त्यांनी अजून एक घाव घातला. बोल्ट निसटला आणि शाफ्टचं टोक त्यांच्या कानाशेजारी 'ढण्' करून आदळलं. निम्मं काम झालं, असा विचार त्यांच्या मनात येतोय न येतोय तोच जीपचं पोट सरकायला लागलं. आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच चक्कर आली. मग मागच्या चाकांमधला तो लोखंडी भोपळा कपाळावरून चार बोटं वरून निघून गेला, सायलेन्सरची नळी गेली, आणि जिथं जीप होती तिथं एकदम आभाळ आलं. निळंशार. त्यात एक घार.

व्यंकटराव तसेच पडून त्या घारीकडं बघत राहिले.

मग पायांच्या दिशेनं नाही, डोक्याच्या दिशेनं आवाज आला. त्यांनी पालथं होऊन पाहिलं. जीप उतारावरून चालली होती, आणि मागच्या उघड्या भागातून अक्का त्यांच्याकडं डोळे विस्फारून बघत होत्या.

"व्यंकट, तू हितं, मग गाडी कोण चालवतंय?"

व्यंकटराव उठले आणि एका पायात चप्पल, हातात पाना अशा अवस्थेत पळत सुटले. "पकडा, पकडा!" एवढंच तोंडातून निघत होतं.

चार घरं पुढं प्रणय नावाचा इंजिनिअरिंगचा मुलगा मोटारसायकल पुसत होता. त्याला वाटलं, काकांची जीप चोरानं पळवली. त्यानं गाडीला किक मारली, जीपला गाठलं, आणि बरोबरीनं चालवत ड्रायव्हरला दरडावायला तो आत डोकावला. आत ड्रायव्हर नव्हता. स्टिअरिंग तेवढं आपलं आपण डुलत होतं. प्रणयचं तोंड उघडंच राहिलं, आणि तो तसाच तोंड उघडं ठेवून सरळ मेंदीच्या कुंपणात गेला.

खाली गयासची बायको अनिसा दारात उभी होती. समोरून अक्का चाललेल्या पाहून तिनं सवयीनं विचारलं, "किधर निघालात अक्का?"

"काय माहीत बाई," अक्का म्हणाल्या. "व्यंकटला विचार."

गयासच्या घरापुढं बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला होता. जीपनं नाक त्यात खुपसलं, एक आचका दिला आणि थांबली.

व्यंकटराव पोचले तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. मागून डोकावून बघायचा धीर होईना. तीन वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासून याच बहिणीनं त्यांना वाढवलं होतं. शेवटी त्यांनी दांडीला धरून डोकं आत घातलं.

अक्का बाकड्याखाली बसल्या होत्या. केसांत मेथी, मांडीवर मेथी. दोन्ही हातांनी बाकड्याचा पाय घट्ट धरलेला. "अक्का, लागलं का?" व्यंकटरावांनी विचारलं. अक्कांनी मानेनंच नाही म्हटलं, आणि भावाचं मनगट पकडलं ते दमयंतीबाई धापा टाकत येईपर्यंत सोडलं नाही.

गयास चहाचा कप हातात घेऊनच आला होता. त्यानं वाकून जीपखाली पाहिलं, लोंबणारा शाफ्ट पाहिला, मग व्यंकटरावांकडं पाहिलं.

"काका, गिअर चाकांना कशानं धरून ठेवतो?"

व्यंकटरावांनी हातातला पाना पायजम्याला पुसला.

"याच शाफ्टनं. तो सोडला की गिअर राहिला गिअरच्या घरी, चाकं मोकळी."

"आणि विटा?" दमयंतीबाईंनी हळूच विचारलं. व्यंकटराव चाकापुढं लावायला दगड शोधू लागले.

गयासनं चारही चाकांना दगड लावले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच दोन्ही क्रॉस बसवून दिले. काम चोख झालं. सोमवारी सकाळी व्यंकटरावांनी जीप फाटकापाशी आणली. ना आवाज, ना थरथर. अक्का हळदीकुंकू घेऊन, पिशवी सांभाळत बाहेर आल्या. त्या मागच्या बाकड्याकडं वळल्या नाहीत. आधी पुढं गेल्या आणि ड्रायव्हरच्या जागेत नीट निरखून पाहिलं.

"आज तू चालवणार व्हय?"

"हो अक्का. मीच."

अक्कांनी थोडा विचार केला. "मग मला बसस्टँडवर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "काल कुणी नव्हतं तरी वाचले. आज तू हायेस."

स्टँडवरही त्या रिक्षानंच गेल्या. मागून जीप गेली, व्यंकटराव चालवत, शेजारच्या सीटवर अक्कांची पिशवी ठेवून.