मुकादमिणीचा चौक आणि तान्हूबाईंची माती

श्री धरित्रीमाता समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कोण्या एका राज्यातील रंगमाळावर वर्तमान सुरू जाहले ते ऐसे. “हिच्याच चौकात बरी मोहरी छातीला लागते! आमच्या मातीनं काय घोडं मारलंय?” हे बोल अंबूताई मुकादमीण खुरपे हाती घेऊन आपल्याशीच बोलिल्या, परंतु मधे बांध वीतभरच, म्हणोन शेजारचे चौकातील तान्हूबाईंनी ते ऐकिले आणि “खत देऊ का वहिनी माझ्यातलं?” ऐसे गोड पुसिले. त्या गोडीनेच अंबूताईंचे अंगाचा तिळपापड जाहला.

रंगमाळाचे मूळ ऐसे की, तेथे पूर्वी शिशाचा रंग करणारा मोठा कारखाना नांदत होता. तो बुडाला, मालक परागंदा जाहले आणि विष जमिनीत राहिले. मग राज्यकर्त्यांची मर्जी जाहली की, माळ शुद्ध करोन रयतेस बाग द्यावी. वरची माती हातभर खरवडोन नेली, चौक पाडिले, दर घरास एक दिधला आणि फर्मान काढिले की, मोहरी पेरावी, ती मुळांनी शिसे ओढोन घेत्ये, मग ती उपटोन सरकारी हौदात बंद करावी, खाऊ नये, गुरांस घालू नये. आणि दर हंगामी घरच्या बाईने आपले हाते माती पिशवीत भरोन पारख्यांकडे धाडावी. जिचा चौक शुद्ध ठरेल तीस भाजी लावण्याचा मान.

कोपऱ्याचा चौक मात्र कोणी घेईना. कारखाना मोडला तेव्हा अंबूताईंचे यजमान कैलासवासी मुकादम यांणी मालकाचे हुकुमाने अकरा पिंपे तेथेच पुरिली, हे साऱ्या आळीस ठाऊक. परंतु निम्मे आळीस नोकरीस त्यांणीच लाविले होते, आणि अखेरीस त्यांचे हात ऐसे कापत की चहा बशीत राहत नसे, म्हणोन तो विषय कोणी काढीत नसे. तान्हूबाई आळीत मागाहून आलेल्या, त्यांस कोणी सांगितलेच नाही. अंबूताईंनी चौक नको म्हणावे तर सरकारात कारण सांगावे लागते. मग त्यांणीच तो घेतला.

तान्हूबाईंचा चौक पहिल्याच हंगामी शुद्ध ठरला. त्यांस मान, त्यांस मेथी, त्यांस सून आणि सुनेस पाचवा महिना! अंबूताईंचे पिशवीवर तीन खेपा लाल शिक्का. मग चौथे खेपेस, आळी जेवावयास बसली असता, अंबूताई भर दुपारी बांध ओलांडोन गेल्या आणि दोन मुठी तान्हूबाईंची माती आपले पिशवीत भरोन, मुकाट गाठ मारोन आल्या. पंधरवड्याने निकाल आला. शिक्का हिरवा, आणि नवल ऐसे की, तान्हूबाईंचीच माती तान्हूबाईंहून दोन अंशांनी चोख ठरली. अंबूताईंनी पेढे वाटिले आणि ऐटीत मेथी पेरिली.

मेथी वीतभर जाहली तो तान्हूबाई आल्या. “वहिनी, तुमची जमीन माझ्याहून सरस निघाली बघा. आमच्या सूनबाईचं, स्वप्नालीचं, बागेतलं डोहाळजेवण तुमच्याच चौकात करू. भाजीही तुमचीच.” हरल्यावरही मोठेपण हिच्याच पदरी, ऐसे वाटोन अंबूताई आतल्या आत जळाल्या, मग पिंपे आठवली आणि सबबी शोधू लागल्या.

“मेथी कडू आहे गं.”

“मेथीच ती, वहिनी!”

“कीडही लागलीय.”

“निवडून घेऊ की. मी येते सकाळी.”

मग तो दिवस उगवला. चिरंजीव सौभाग्यवती स्वप्नाली फुलांचे दागिने लेवोन पाटावर विराजमान जाहली आणि आळीच्या बायका भोवती बैसल्या. ठाऊक साऱ्यांस, परंतु एक आभाळाकडे पाहे, दुसरी पुसलेली रांगोळी पुन्हा पुसे, तिसरी “शिक्का हिरवा आहे ना, मग झालं” ऐसे शेजारणीस हळूच सांगे. स्वप्नालीने मेथीचा घास उचलिला. तान्हूबाई ऐशा पाहात होत्या की जणो तो घास त्यांचेच पोटी जाणार. आपणांस ऐसे पाहावयास कोणी नाही, हा डंख अंबूताईंस उठला, आणि त्या उठोन धावल्या, आणि स्वप्नालीचा हात धरोन घास खाली पाडिला.

“अहो वहिनी! इतकं का जळावं माणसानं?” तान्हूबाई ओरडल्या.

“जळतेच मी तुझ्यावर. पण पोरीला खाऊ देऊ नकोस. पिशवीतली माती तुझ्या चौकातली होती, मी चोरली. ह्या पाटाखाली आमच्या ह्यांनी पुरलेली विषाची पिंपं आहेत. अकरा. आणि तुम्ही दोघी सोडून इथं बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.”

त्या दिवशी रंगमाळावर कोणी जेविले नाही. दुसरे दिवशी पिंपांसाठी तो चौक खणावयास लागले. वर्तमान इतुकेच.