मावशीच्या पिंपातला मारेकरी

साहेब, फ्लॉवरचा हा मुडदा तुम्ही पाडलात. शेतीखात्याच्या वतीने खतांवर भाषण ठोकलंत, जीपमध्ये बसलात, गेलात. म्हणून मावशीला तपासासाठी भिंगरावला बोलवावं लागलं.

भिंगराव म्हणजे, त्याच्याच शब्दांत, चालतीबोलती शोधयंत्रणा. त्याची सावली दिसली की गुन्हेगार म्हणे आपणहून कबुली देतो. त्याची पिशवी सांभाळणाऱ्या मेहुण्याने आजवर एकच कबुली ऐकली होती, कपाळावरचा चष्मा घरभर शोधल्याची. तीही भिंगरावचीच. "त्यांना एकटं सोडू नकोस, हरवतात," ही ताईची, म्हणजे भिंगरावच्या बायकोची, सक्त ताकीद होती, म्हणून बिचारा मागे मागे फिरायचा.

मावशीचा अख्खा वाफा पिवळा पडला होता. "हे पीक गेलं तर ठरल्याप्रमाणे पुढे जमीन दीर कसणार," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, निम्मं शेणखत, निम्मा युरिया. मी दोन्ही पिंपात कालवलं, किडीसाठी राख टाकली, झाकण लावून मुरवलं आणि रोपांना घातलं."

"गौण तपशील," भिंगरावने हात झटकला आणि पिंपाचं झाकण उघडलं. नाक झणझणलं, डोळ्यांना धारा लागल्या.

"विषारी वायू. हे दिराचं काम."

दीर बांधावरच बसला होता. "मी कशाला विष घालू? उद्या मलाच कसायचीय ही जमीन."

भिंगराव डगमगला नाही. "मग दुकानदार. गोणीत मीठ भरलंय." त्याने चिमूटभर युरिया जिभेवर ठेवला आणि बराच वेळ थुंकत राहिला.

"खारट आहे का?" मेहुण्याने विचारलं.

"तपास चालू आहे."

तिसरा संशय शेजारच्या शेळीवर होता. तिची उलटतपासणी चालू असतानाच ताई जुळ्यांना काखेत मारून नवऱ्याला शोधत आली. पिंपाजवळ थबकली.

"अगं बाई, हा तर आमच्या लंगोटांच्या बादलीचा वास. दोन दिवस झाकून ठेवली की अस्साच येतो." तिने पिवळ्या रोपांकडे पाहिलं. "मावशी, खताचा सगळा जोर वाऱ्यावर गेला. जे नाकात गेलं, ते मुळांना कुठून मिळणार?"

दीर खाकरला. "शेणखत लागवडीआधी मातीत मिसळायचं. युरिया नंतर, थोडा थोडा, मुळांशी मातीआड. राख लांब ठेवायची. मी तसंच करतो."

"मग भावजी, पिंप भरताना बघत होतात की," मावशी म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात?"

"विचारलं कुणी?"

"म्हणजे माझा पहिलाच संशय खरा," भिंगराव म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मावशी वाफ्यात उतरून कुठलं रोप जगेल ते चाचपत होती.

दिराला जमीन हवी होती, म्हणून तो गप्प बसला. साहेब, निम्मं-निम्मं सांगून झाल्यावर, कधी घालायचं आणि कसं घालायचं ते सांगायच्या वेळी तुम्ही का गप्प बसलात? तुम्हाला काय हवं होतं? उत्तर द्या.