वाढत्या मापाची जाळी

काठीची जाळी फाटली तेव्हा मुलीने बापाकडे फक्त बोटं मागितली होती. पण मोठ्या माणसांकडे सुटी बोटं मिळत नाहीत. सोबत अक्कल येतेच.

लॅक्रोसची काठी म्हणजे लांब दांडा आणि टोकाला जाळी. जाळीत चेंडू झेलायचा, जाळीतूनच भिरकावायचा. संध्याकाळी संघाची निवड होती. मुलीने नायलॉनची कडक जाळी आणून बापाच्या, म्हणजे टेलरमास्तरांच्या मशीनवर ठेवली.

"बाबा, हीच बांधा. खेळाच्या मॅडमनी सांगितलीय."

मास्तरांनी जाळी चिमटीत धरून चोळली. "ही? कांद्याच्या पोत्याची आहे."

"कडक असली की चेंडू नीट सुटतो."

"मला दोरा शिकवतेस?"

(मोठ्यांनी असं विचारलं की उत्तर द्यायचं नसतं, बाजूला व्हायचं असतं.)

मास्तरांनी दुकान उपसलं. इलास्टिक ताणून पाहिलं. ते सुटून त्यांच्याच नाकावर बसलं, नापास झालं. शेवटी पडद्याची सुती दोरी पसंत पडली. मऊ, गुबगुबीत.

"हवा खेळती राहील," मास्तर म्हणाले.

"अहो, चेंडूला घाम येतो का?" आतून बायको.

"तू तुझी काजं कर!"

पण खरं सांगायचं तर मास्तर विणायला बसले की बघत राहावं. मापाची फीत गळ्यात, दोरीचं टोक दातांत, आणि बोटं अशी चालायची की गाठ बांधली कधी हेच कळू नये. जाळीचं घरासारखं घर, ताणासारखा ताण. रागाने उभी राहिलेली मुलगी हळूच खाली टेकली.

"कसली भारी झालीय, बाबा!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

निवड बघायला मास्तरही मैदानावर आले. गवत ओलं होतं. सराव करेपर्यंत दोरी भिजली. मग मॅडम काठ्या तपासायला आल्या. नियम साधा: जाळीत ठेवलेला चेंडू बाजूने पाहिला तर काठाच्या वर दिसला पाहिजे. मॅडमनी चेंडू टाकला. चेंडू गडप! खाली ही झोळी लोंबली, तान्हं बाळ निजवावं अशी.

"चेंडू कुठाय?"

"आत झोपलाय," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"या काठीने नाही खेळता येणार."

"बाबा, एवढी ढिली का ठेवलीत?"

"वाढत्या मापाची ठेवलीय! पुढच्या वर्षीही यायला हवी ना?"

"काका," मॅडम म्हणाल्या, "चेंडू वाढत नाही हो."

मास्तरांची ही जन्माची खोड. गल्लीतलं एकही पोर त्यांच्या दुकानातून यंदाच्या मापात बाहेर पडलं नव्हतं. मुलीने तर अख्खी शाळा पंजे बाह्यांत हरवून काढली. आजचा सदराही त्यांचाच.

तिने पिशवीतून नायलॉनची जाळी काढली. (बापावर जीव असतो. भरवसा वेगळा.)

"आता अक्कल राहू द्या, बाबा. नुसती बोटं द्या."

बापाशी असं कोणी बोलत नाही. बोलायला हवं.

मास्तर ओल्या गवतात मांडी घालून बसले. आपली देखणी कलाकुसर त्यांनी खिशातल्या कात्रीने कराकरा कापली. स्वतःचीच चूक मुकाट्याने उसवणारा मोठा माणूस मुलीने पहिल्यांदा पाहिला, आणि तो तिचाच निघाला म्हणून तिची मान ताठ झाली. तिचा नंबर यायच्या आत जाळी टणटणीत बसली. चेंडू काठावरून ऐटीत डोकावू लागला.

मुलगी अशी खेळली की मॅडमनी तिचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. मग काठी हातात घेऊन त्या गाठी निरखत राहिल्या. "काका, हात आहे की काय! सगळ्या संघाच्या काठ्या तुमच्याकडेच पाठवते."

मास्तरांची छाती मापाबाहेर गेली. "काठ्याच कशाला? संघाचे कपडेही मीच शिवतो!"

मॅडमनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मुकाट्याने दोन्ही हात वर केले. पंजे कुठेच दिसेनात, नुसत्या बाह्या लोंबत होत्या.

"नको काका," मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "कपडे रेडीमेडच घेऊ. सामने यंदाच आहेत."