गिअरच्या तेलाचा ताप

शिवप्रसादनं जुनी गाडी घेतली तेव्हा जो तो बघायला आला, पेढा खाल्ला आणि एकेक भीती घालून गेला. कुणी टायरची घातली, कुणी कागदपत्रांची. पण काळजात रुतलं ते मेकॅनिकचं बोलणं.

"साहेब, ऑटोमॅटिक हाय. हिचा जीव गिअरच्या तेलात. तेल लय तापलं की गिअरबॉक्स गेला म्हणून समजा."

झालं! पाटबंधारे खात्यातल्या आयुष्यभराच्या कारकुनीनं जी झोप कधी हलली नव्हती, ती या एका वाक्यानं उडाली. बाजारातून भाजी घेऊन आला तरी शिवप्रसाद आधी बॉनेटवर पालथा हात ठेवायचा, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. (बायकोच्या, म्हणजे पंकजाच्या कपाळावर त्यानं असा हात शेवटचा कधी ठेवला होता, ते पंकजाला तारखेसकट आठवत होतं.)

शेवटी त्यानं मोबाइलवरून स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी निळी डबी. स्टिअरिंगखाली खोचायची, मोबाइलला ब्लूटूथनं जोडायची, की गिअरच्या तेलाचं तापमान पडद्यावर हजर. एकावर एक फुकट होती, म्हणून दोन आल्या. दुसरीचं काय करायचं? साडूला द्यायची!

साडू म्हणजे पंकजाच्या थोरल्या बहिणीचा, दैवशालाचा नवरा चंद्रभान. चुडाव्याला त्याचं खताबियाण्याचं दुकान. त्याचीही गाडी ऑटोमॅटिक, पण शिवप्रसादच्या गाडीपेक्षा मोठी, पांढरी आणि चकाचक. अशा साडूला आपण काहीतरी देतोय, हा योग शिवप्रसादच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

आणि तो आला मेव्हण्याच्या साखरपुड्याच्या दिवशी. रविकांतला बऱ्याच नकारांनंतर बोरीची मुलगी मिळाली होती. तो आणि वडीलधारी माणसं सकाळीच जीपनं पुढं गेली होती. उरलेली मंडळी परभणीला शिवप्रसादच्या दारात जमली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. शिवप्रसादनं साडूच्या गाडीत स्वतः वाकून डबी खोचली.

"हे काय खोचायलाव?" चंद्रभाननं विचारलं.

"भेट समजा. तेलाचा ताप कळतो."

"मला तर कधी ताप आला न्हाई," असं म्हणून चंद्रभान एसी लावून बसला.

मग शिवप्रसादनं आपल्या गाडीत दुसरी डबी खोचली आणि मोबाइल उघडला. पडद्यावर दोन नावं आली, जुळ्या भावांसारखी एकसारखी. त्यानं वरच्या नावाला बोट लावलं. जोडलं गेलं. तापमान ऐंशी. शिवप्रसादला कृतकृत्य वाटलं.

शिवप्रसादच्या गाडीत शेजारी पंकजा, मागं सासूबाई बायनाबाई आणि त्यांच्या मांडीवर साखरपुड्याचं ताट. नव्या सुनेची अंगठी पंकजाच्या पर्समध्ये. चंद्रभान दैवशाला आणि दोन पोरांना घेऊन मागोमाग, अगदी शेपटीला चिकटून. उन्हाचे दिवस, रस्त्याचं काम चालू, पुढं उसाच्या ट्रॉल्या. गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या.

"शहाण्णव," शिवप्रसाद पुटपुटला.

"समोर बगा," पंकजा म्हणाली.

"एकशे तीन!"

"अहो, ट्रॉलीत घुसवायलाव का?"

मधूनच आकडा नाहीसा व्हायचा, तिथं नुसती रेघ दिसायची. मग शिवप्रसाद मोबाइल झटकायचा. पुन्हा आकडा यायचा तो आधीपेक्षा मोठा. झरीच्या पुढं एकशे दहा झाले, आणि त्यानं लिंबाच्या झाडाखाली गाडी घेऊन इंजिन बंद केलं. चंद्रभाननंही मागं चिकटून गाडी थांबवली, पण एसी लेकरांसाठी चालूच ठेवला.

शिवप्रसादनं बॉनेट उघडलं. वारा घातला. आकडा एकशे तेरा.

"बंद गाडी तापायलीय!" तो किंचाळला.

पिण्याच्या पाण्यानं टॉवेल भिजवून त्यानं आत अंथरला. एकशे पंधरा.

"जावईबापू," बायनाबाई ताट सांभाळत म्हणाल्या, "तेल येवढंच तापलंय तर भजे तरी सोडा. मुहूर्त तर गेल्यातच जमा हाय."

शिवप्रसादला हसू आलं नाही. बंद गाडीत तेल तापतंय म्हणजे आत काहीतरी पेटलंय, आता भडका उडणार, ही त्याची खात्री झाली. त्यानं भराभरा निर्णय घेतला. पंकजा, सासूबाई, ताट, सगळं साडूच्या गाडीत कोंबलं.

"तुमी जा. माझी फिकीर करू नका," तो म्हणाला.

"आमी न्हाईच करायलो," पंकजा म्हणाली आणि काच वर झाली.

सहा माणसं पोटात घेऊन पांढरी गाडी निघाली. ती दिसेनाशी झाली आणि पडद्यावरचा आकडाही गेला. नुसती रेघ! यंत्रच जळालं, शिवप्रसादनं ओळखलं. बराच वेळ तो गाडीपासून लांब, शेताच्या धुऱ्यावर बसून राहिला. गाडी काही पेटेना. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यानं ती चालू केली आणि एसी बंद ठेवून हळूहळू निघाला.

थोडं पुढं गेला तर रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी उभी. बॉनेट वर, बाहेर सगळं खटलं, पंकजा पदर हलवून थांबायची खूण करतेय. चंद्रभान आत बसून चावी फिरवतोय. शिवप्रसाद ब्रेकवर पाय ठेवणार, तोच मोबाइलवर आकडा उसळून आला. एकशे अठ्ठावीस!

इथं थांबलो आणि भडका उडाला तर सगळं घर जाईल! त्या एका क्षणी त्याच्या अंगी कधी नव्हतं ते शौर्य आलं. "लांब व्हा! लांब व्हा!" असं ओरडत त्यानं पाय दाबला आणि तो आपल्या बायकोला, सासूला, साडूला धूळ चारत भरधाव निघून गेला.

कुटुंब वाचवल्याच्या समाधानात तो बोरीला पोचला. मुलीचे वडील हार घेऊन पुढं आले.

"या! बाकीचे?"

"मागं आहेत."

"अंगठी?"

"तीबी मागंच."

मांडवात कुजबुज सुरू झाली. बहिणी रुसल्या का? मुलाकडच्यांचं मन बदललं का? मुलीच्या वडिलांच्या हातातला हार तसाच राहिला. रविकांतचा चेहरा उतरला. तो शिवप्रसादला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, ताईचा फोन आलता. तिला उन्हात सोडून तुमी पुढं पळालाव म्हणायली. आता जा, घेऊन या. न्हाईतर हे लगीन मोडलं."

गाडी पेटो नाहीतर फुटो, शिवप्रसाद परत फिरला. भरधाव आला तरी पडद्यावर रेघच. पांढऱ्या गाडीजवळ पोचला आणि आकडा आला. तो खाली उतरला. मोबाइल हातात धरून उलट्या पावलांनी रस्त्यानं लांब गेला. रेघ. जवळ आला. आकडा. पुन्हा लांब. पुन्हा जवळ.

"ह्यांला ऊन लागलं," बायनाबाई हळूच दैवशालाला म्हणाल्या.

शिवप्रसादच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडायला नको होता असं त्याला लगेच वाटलं. पण तोंडातून निघून गेलं, "साडूभाऊ, तो आकडा... तुमच्या गाडीचा होता."

चंद्रभान सावकाश खाली उतरला.

"म्हंजे माझी गाडी तापायलीय, हे तुमाला परभणीपासून माहीत होतं?"

"हो. म्हणजे नव्हतं."

"माहीत असून माझ्याच गाडीत तुमी अजून दोन माणसं कोंबली?"

"आणि नंतर न थांबता गेले," पंकजानं आठवण करून दिली.

सगळी वरात शिवप्रसादच्या थंडगार गाडीतून बोरीला पोचली. गुरुजींनी समजूतदारपणे दुसरा मुहूर्त काढला, अंगठी बोटात गेली, रविकांत हसला. पंगतीत मात्र शिवप्रसादला बुंदी वाढायला कुणी दुसऱ्यांदा आलं नाही.

परतताना प्रश्न पांढऱ्या गाडीचा. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढू नये, हे ज्ञान शिवप्रसादनंच सगळ्यांना दिलं. म्हणून ट्रक बोलवावा लागला. गाडीसोबत कुणीतरी जायला हवं होतं. चंद्रभाननं हात पुढं केला आणि शिवप्रसादनं आपल्या गाडीची चावी त्यात ठेवली. सगळे बसले. त्याला जागा उरली नाही, कुणी करूनही दिली नाही.

शिवप्रसाद ट्रकच्या केबिनमध्ये चढला. ड्रायव्हरनं मागं बघत विचारलं, "गाडी तुमची का?"

"नाही. साडूची."

"साडू कुठं हायेत?"

"ते माझ्या गाडीत पुढं गेले."

ड्रायव्हर विचारात पडला. "गाडी तुमची न्हाई, टरक तुमचा न्हाई. मग तुमी कोन?"

शिवप्रसादनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "जावई."

"हां हां," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानं मोठ्या मायेनं तंबाखूची पुडी पुढं केली.