आधी मामा बसणार

माझा मामा दुसऱ्याच्या सीटवर आधी स्वतः बसतो. म्हणजे प्रवासाला निघालेले तुम्ही, तिकीट तुमचं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली तुम्ही, पण त्या जागेवर पहिली बैठक मामाची. तो गाडीत चढतो, सीटवर बसतो, डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, खिडकी उघडून-लावून बघतो, पायाखालचा पत्रा तापतोय का ते चप्पल काढून तपासतो. मग उठतो, डोक्यावरची टोपी काढून तिने सीट झटकतो आणि म्हणतो, "बस आते. सीट चांगली शे." आमच्या बोलीत आते म्हणजे आता आणि शे म्हणजे आहे. त्यानंतर खाली उतरून तुमच्या खिडकीखाली उभा राहतो. गाडी हलेपर्यंत तो तिथून हलत नाही आणि गाडी हलली की चार पावलं तिच्याबरोबर चालतो.

"बशीसन देखू दे," म्हणजे बसून बघू दे, हे त्याचं पालुपद. नंदुरबार स्टँडवरचे जुने कंडक्टर त्याला ओळखतात. मामा चढला की ते घंटीच्या दोरीवरचा हात काढून घेतात. सीट नापास झाली तर पुढच्या गाडीची वाट बघायची. एकदा माझ्या वडिलांना लग्नाला जायचं होतं. मामाने एकामागून एक गाड्या नापास केल्या. कुठे स्प्रिंग टोचते, कुठे दुपारचं ऊन त्या बाजूने येणार. वडील पोचले तेव्हा शेवटची पंगत उठली होती. ते आजही जेवताना मामाचं नाव काढतात आणि चांगल्या शब्दांत काढत नाहीत.

मामा कोरीट गावचा. मिरची, पपई, थोडा कापूस. शेतीत अगदी व्यवहारी माणूस, मिरचीचा भाव पाडून मागणाऱ्याला उभंही करत नाही. पण कोणी पिशवी भरली की याच्या अंगात काहीतरी संचारतं. सुरतच्या गाडीत वडिलांच्या बर्थवर तो बसून बघत होता तेव्हा गाडी सुटलीच. वडील चढले, मामा उतरायचा राहिला. थेट नवापूरला उतरला आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत आला. आम्हाला वाटलं ओशाळला असेल. छे, चेहऱ्यावर समाधान. म्हणाला, "सीट भारी शे. नवापूरपावत कंबर दुखनी नही."

मला शिक्षिकेची नोकरी लागली तीही धडगावला. घाटातला रस्ता, माणसं कोंबलेली जीप. मामाने माझी जागा तर तपासलीच, पण दरीच्या बाजूला कोण बसणार यावरून सगळ्या जीपला खाली उतरवलं आणि एकेक जागा बसून पाहिली. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, माझी सीट राहिली." चेष्टेने म्हणाला बिचारा. मामा तिच्यावरही बसला.

आणि वैशालीच्या लग्नातलं तर विचारूच नका. वैशाली म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी. पाठवणीची वेळ, बायका रडताहेत, फुलांनी सजवलेली गाडी उभी, नवरदेव आत बसलेला. वैशाली दारापाशी आली तर मामा म्हणाला, "थांब. बशीसन देखू दे." आणि बसला की नवरदेवाशेजारी. जावई बिचारा सासऱ्यासाठी आदराने सरकला. फोटोग्राफरला काय वाटलं कोण जाणे, त्याने फोटो काढला. आज अल्बममध्ये झेंडूच्या माळांनी सजवलेल्या गाडीत आमचे जावई आणि मामा मांडीला मांडी लावून बसले आहेत. मामी तो फोटो पाहुण्यांना मुद्दाम दाखवते.

हा मामा आयुष्यात एकदाच हरला. जावयाला जर्मनीत नोकरी लागली आणि दोघं मुंबईहून विमानाने निघाली. विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट मागितलं. मामा म्हणाला, "टिकट पोरनं शे. मी फक्त बशीसन उतरी जास." जवानाने दोनदा ऐकून घेतलं आणि मग हाताने बाजूला केलं. वैशाली काचेआडून हात हलवत गेली. गाडी हललेली नाही, खिडकी दिसलेली नाही, आणि मामा दारात उभा. परतताना पूर्ण रस्ताभर एकच, "पोर कशावर बसनी, काय माहीत." वैशालीने फोनवर सांगितलं, सीट छान होती पप्पा. मामाचा विश्वास बसला नाही. "ती चांगलीच सांगी," म्हणाला.

आता यंदा वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली. तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मामी. पासपोर्ट झाला, जावयाने तिकीट पाठवलं, मामी नऊवारीखाली स्पोर्ट्स शूज घालून खळ्यात चालायचा सराव करू लागली. तीन महिने राहायचं होतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामीचं माहेरही कोरीटमध्येच, दोन गल्ल्या पलीकडे. रुसून गेली तरी संध्याकाळच्या भाकरीला घरी. मामाला सोडून ती कधी कुठे गेलीच नव्हती.

मामाने जाहीर केलं, मी विमानाच्या सीटवर बसून बघितल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही.

"पोरनं बाळंतपन तुम्हनाकरता थांबी का?" मामी कडाडली.

मामा थंड. त्याने तिचा पासपोर्ट उचलून आपल्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि शेतात निघून गेला. मामीने मला फोन केला, "तू मास्तरीन शेस ना? समजाव तुन्हा मामाले." मी समजावलं, रागावले, अबोलाही धरून बघितला. जाण्याची तारीख जवळ येत चालली आणि मामा जागचा हलेना. शेवटी आमच्या शाळेची सहल गेली होती ती जागा मला आठवली.

शहाद्याच्या वाटेवर केळीच्या बागांना लागून एक छोटं विमान संग्रहालय आहे. वायुदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्याच शेतात ते उभं केलंय. सगळे त्यांना फौजी म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये उभं कापून ठेवलेलं इंजिन, एक पंखा, चाकं, काचेच्या कपाटात विमानांच्या प्रतिकृती, आणि बाहेर मोकळ्यावर लिलावात घेतलेलं एक छोटं, खरं प्रवासी विमान. त्याच्या सावलीत फौजींच्या कोंबड्या बसतात. रविवारी मी माझी गाडी काढली आणि दोघांना घेऊन निघाले. माझ्या स्वतःच्या गाडीतही मामीच्या आधी मामा बसला, हे सांगायला नकोच.

फौजींनी आमचं छान स्वागत केलं आणि हातात छडी घेऊन विमान कसं उडतं ते सांगायला सुरुवात केली. पंखाचा आकार, हवेचा दाब. मामाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. सीट कोठे शे?"

लोखंडी जिना चढून आम्ही आत गेलो. दोन्ही बाजूंना निळ्या सीटा, आणि सगळ्यांच्या पुढून बांधलेली एक दोरी. दोरीवर पाटी: आसनांवर बसू नये.

"जवळून बघा, पण बसायचं नाही," फौजी म्हणाले. "फोम जुना आहे. एकाला बसू दिलं की सहलीची सगळी पोरं बसतात."

"बसल्याबिगर सीट कशी दिसी?" मामा म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मला वाटलं मामा भांडणार. तो भांडला नाही. "बरं," म्हणाला, जिना उतरला आणि समोरच्या निंबाखाली पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. तिथून विमानाचं दार समोर दिसत होतं.

बसला तो बसलाच. मामीने पिशवीतून बाळासाठी शिवायला घेतलेलं दुपटं काढलं आणि टाके घालू लागली. तिला या माणसाची सवय आहे, मला नाही. एका शाळेची सहल आली आणि गेली. दुपार झाली. आम्ही भाकरी आणि वांग्याचं भरीत काढलं, फौजींनाही बोलावलं. फौजींनी बोटं चाटूनपुसून भरीत खाल्लं, मामीला दाद दिली आणि हात धुऊन पुन्हा म्हणाले, "पण बसता येणार नाही हं." आता सांगा, या दोघांमध्ये जास्त हट्टी कोण? मी मामाला म्हटलं, "मामा, चल. माझे पेपर तपासायचे राहिलेत. विमानाची सीट ती, मऊच असणार."

"तू जाय," तो शांतपणे म्हणाला. "मी आठे शे," म्हणजे मी इथेच आहे.

उन्हं कलली तेव्हा फौजींची म्हातारी आई पिशवी घेऊन घरातून बाहेर आली. धाकट्या मुलाकडे तळोद्याला निघाली होती. संग्रहालयाच्या फाटकाशी हात दाखवला की एसटी थांबते. गाडी थांबली. फौजी आईची पिशवी सावरताहेत तोवर कट्ट्यावरून मामा उठला आणि सरळ गाडीत चढला. मी कपाळाला हात लावला.

खिडक्यांमधून त्याची टोपी मागे-पुढे फिरताना दिसत होती. चाकावरची जागा नापास झाली. मधल्या खिडकीपाशी बसलेल्या एका जाड गृहस्थांना त्याने काय सांगितलं देव जाणे, ते उठून मागे गेले. मामा तिथे बसला, झुकला, खिडकी लावून बघितली. टोपीने सीट झटकली. मग म्हातारीचा हात धरून तिला आणून बसवलं, पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. "सांभाळीसन जाजो, माय." गाडी हलली. मामा चार पावलं तिच्याबरोबर चालला. फौजी आपल्या आईला हात करायचं विसरून मामाकडे बघत उभे होते.

"तुमची ओळख होती का आईशी?" त्यांनी विचारलं.

"नही," मामा म्हणाला आणि पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसला.

फौजी वळले आणि विमानात गेले. थोड्या वेळाने हातात गुंडाळलेली दोरी घेऊन दारात आले आणि म्हणाले, "या. जरा फोमला जपून."

मामाने सगळ्या सीटा बघून एक निवडली, खिडकीची. चपला काढून बसला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. खिडकी उघडत नाही म्हटल्यावर जरा विचारात पडला, मग म्हणाला, "बरं शे. धूळ येत नही." पट्टा लावला, तो निघेना, फौजींनी काढून दिला. तेव्हा तो कसा निघतो ते त्याने पुन्हा पुन्हा करून शिकून घेतलं आणि मामीलाही शिकवलं. डोळे मिटून बराच वेळ बसला. मी म्हटलं, "झोपलास की काय?" तर म्हणाला, "रातभर बसनं शे तिले. देखू दे." शेवटी उठला, टोपी काढली, सीट झटकली.

"बस आते. कंबरले एक उशी लागी."

मामी बसली. दिवसभर तोंड चालवणारी बाई, पण नव्या नवरीसारखी गप्प बसली. मामाने तिचा पट्टा लावला, पिशवी पायाशी सरकवली आणि जिना उतरून खाली गेला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण तो विमानाला वळसा घालून गेला, खिडक्या बघत बघत मामीच्या खिडकीखाली आला आणि तिथे उभा राहिला. मामीने काचेला हात लावला. मामाने खुणेने सांगितलं, पाणी पीत जा. कानावर पदर घे. मग हात खाली करून नुसताच वर बघत राहिला. कोंबड्या त्याच्या पायांतून फिरत होत्या.

मी जवळ गेले. "मामा, चल ना आता."

"गाडी हालनी नही अजून."

मला हसू आलं. "अरे, याचं इंजिन तिकडे शेडमध्ये कापून ठेवलंय. हे काय हलणार?"

"माहीत शे माले," तो म्हणाला. खिडकीवरची नजर काही त्याने काढली नाही. "मुंबईले दारातूनच हाकलतीन, पोरले सोडाले गयतू तवा हाकलं तसं. आठे कोनी हाकलत नही. थोडा येळ ऱ्हाऊ दे."

सगळ्या गावाला, सगळ्या गणगोताला, आज तर वाटेवरच्या परक्या म्हातारीलाही या माणसाने खिडकीखाली उभं राहून निरोप दिला होता. मामीला द्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आली तेव्हा दारात जवान उभा असणार होता. मी बाजूला होऊन केळीच्या बागेकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने मामीनेच पट्टा काढला. स्पोर्ट्स शूजमधले पाय जपून टाकत जिना उतरली, विमानाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"उनी का?" आलीस का, असं त्याने गावाहून परतलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

मामी त्याच्याकडे बघत राहिली. आता दोन शब्द सुनावणार असं मला वाटलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"उनी."

"पोर कशी शे?"

"बरी शे," मामी म्हणाली. "तुम्हले इचारत व्हती."

मामा पिशवीचे बंद उगाचच नीट करत राहिला. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घालून त्याने पासपोर्ट काढला, टोपीने झटकला आणि तिच्या हातात दिला.

"मंग जाय तू," तो म्हणाला. "सीट चांगली शे."