पाऊण तासाची रांग

"आमचा टीव्ही अडकला का वो? चित्र हालंनाच की!"

आमच्या गल्लीतल्या सुमनबाई मंगल कार्यालयाच्या दारातूनच ओरडल्या. पडद्यावर घागरींची रांग होती आणि गेली सहा मिनिटं ती जागची हलली नव्हती.

"अडकला न्हाई, ताई. चालू हाय," शेजारचे बाबुरावकाका म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य! माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरीची आई तांदळाच्या पोत्याला टेकून एकटी बसलेली काकांना दिसली आणि कॅमेरा तिथंच थांबला. सीडीत मावशी बावीस मिनिटं आहे. मंगलाष्टकं नुसती ऐकू येतात. नवरदेव कुठंच नाही. त्यांच्याकडचे लोक भांडायला आले होते. मावशी मात्र ती सीडी अजून लावून बसते.

त्या वर्षी दुष्काळामुळं लग्नं पुढं गेली. कार्यालय रिकामं, काकाही रिकामे. त्यांनी शेजाऱ्यांचे चार टीव्ही मागून आणले आणि प्रदर्शन मांडलं. एकावर वाळत घातलेलं धोतर, दुसऱ्यावर बसस्टँडवर झोपलेला कंडक्टर, तिसऱ्यावर नळ. नुसता नळ. दारावर बॅनर: 'उदगीर जिल्ह्यातलं पहिलं व्हिडिओ प्रदर्शन'.

"काका, उदगीर जिल्हा झालाय कुठं?"

"होईल की. मी थांबलोय."

मला त्यांनी दाराशी उभं केलं होतं. "तू इंग्लिश मीडियमची. काही बोलू नको. लोकांना वाटंल, भारी काहीतरी हाय." न बोलण्याचं काम मला जन्मापासून येतं.

काकांची इच्छा एकच होती: घागरींची पाऊण तासाची फिल्म एकानं तरी शेवटपर्यंत बघावी. सकाळपासून सगळ्यात जास्त टिकले ते मीटर बघायला आलेले गृहस्थ. चार मिनिटं. तेही पंख्याखाली.

एवढ्यात पडद्याच्या कडेला टँकरचं नाक दिसलं.

"टँकर आला!" सुमनबाई किंचाळल्या, आणि गल्लीतल्या बाया घागरी घेऊन रस्त्यावर. आठ-आठ दिवस वाट बघणाऱ्याला टँकर खरा की पडद्यावरचा, हे तपासायला सवड कुठली? थोड्याच वेळात काकांना झापायला सगळ्या घागरींसकट कार्यालयात आल्या. सवयीनं टीव्हीपुढं घागरींची रांग लावली आणि बसल्या. काकांनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

"अगं बया, ती माझी घागर! पोचा आलेली!"

"अन् शकीलाभाभी, तुमची बघा कशी पुढं घुसली!"

"म्या कुठं घुसवली? सरकवणारा हात तर तुमचा दिसायलाय!"

घागर रांगेत ठेवून सगळ्या घरी स्वयंपाकाला जायच्या. आपल्या माघारी रांगेत काय चालतं, हे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. एवढा हशा, एवढ्या शिव्या त्या हॉलनं लग्नातही ऐकल्या नसतील. अर्धा तास कुणी उठलं नाही. काका खांबाआडून पडदा सोडून बायांकडे बघत होते.

रांगेत एक छोटी पितळी कळशी होती. तिच्यापाशी कुणीच यायचं नाही; पण रांग हलली की कुणाचा तरी हात तिलाही पुढं सारायचा.

"ही कुणाची गं?" सुमनबाई म्हणाल्या. "रोज आपणच सरकवायची. मालकाचा पत्ता न्हाई. उद्यापासनं बाजूला काढून ठेवू."

काका खाली वाकून एक धडधाकट वायर दुरुस्त करायला लागले.

मला माहीत होतं. माझ्या खिडकीतून दिसायचं. काका ती कळशी रांगेत ठेवून समोरच्या ओट्यावर कॅमेरा लावून बसायचे. त्यांच्यापुरतं पाणी आमच्याकडून जायचं. कळशी काकूंची होती. काकू होत्या तोवर त्यांच्या बोअरला पाणी होतं, म्हणून ती रांगेत कधी आलीच नव्हती, कुणाच्या ओळखीची नव्हती. "तिला चार बायकांत बसायला लई आवडायचं," काका एकदा आईला म्हणाले होते. "घरच्या बोअरपायी ऱ्हाऊन गेलं."

सुमनबाई अजून विचारत होत्या. काका वायर सोडत नव्हते. फिल्मची दहा मिनिटं उरली होती.

"आमच्या काकूंची हाय ती," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की शकीलाभाभी दचकल्या. "राहू द्या रांगेत. घाई कुणाला हाय?"